हाकेची पोच

मंगळवारी सकाळी साडेदहाला आमच्या पोलीस ठाण्यात एका माणसाचं नाव आलं. माणूस बरोबर नव्हता. नाव त्याची बायको घेऊन आली होती, भाकरीच्या फडक्यात गुंडाळून.

मी बारनिशीला बसते. म्हणजे ठाण्यात येणाऱ्या आणि ठाण्यातून जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर टाकणं हे माझं काम. हवालदार मंदाकिनी औटी. बावीस वर्षं झाली, माझ्या रजिस्टरात एक खाडाखोड काढून दाखवा, उद्या राजीनामा देते. असं मी येणाऱ्या प्रत्येक नव्या साहेबाला सांगते. राग माझ्या नाकावर असतो, कबूल आहे, पण रेघ मी सरळ मारते.

बाईंनी टेबलावर फडकं ठेवून गाठ सोडली. नाव तळहाताएवढं होतं. तीन शब्द एकमेकांना चिकटलेले, कडा जरा झिजलेल्या. रंभाजी कोंडाजी खरमाळे. मी बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. तव्यावरून आत्ता उतरवलेल्या भाकरीइतकं गरम होतं.

"कुठं सापडलं?"

"घरीच हुतं. खुंटीला, टोपीशेजारी. रविवारी सकाळी दाढी करून येतो म्हणले आन् नाव न्यायचं इसरले. अलीकडं लई इसरत्यात."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी गजराबाई. मंडळी त्यांची."

"आणि दोन दिवस काय करत होतात?"

"वाट बघत हुते. मग म्हणलं, नावाबिगर माणसाला वळखणार कोण? म्हणून आणून दिलं."

"अहो मावशी, नुसतं तोंडानं सांगितलं असतं तरी मी लिहून घेतलं असतं."

त्यांनी पदर तोंडाशी नेला. "तोंडानं कसं घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मालकाचं नाव घेतलं की त्यांचं आयुष्य उणं हुतं. आता घेतलं आन् काई झालं म्हणजे?"

मी पेनाचं टोपण काढलं. मिसिंगचं रजिस्टर ओढलं आणि लिहायला लागले. वय अडुसष्ट. कालव्यावर पाटकरी होते, शेतांना पाळीचं पाणी सोडायचं काम. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी रोज कालव्यावर चक्कर मारायचे, पाण्याच्या दाराची किल्ली फिरवल्यासारखी बोटं हलवत. उजव्या भुवईवर जुना व्रण. बायको हयात, नाव गजराबाई. सगळं नीट लिहिलं. लिहिण्यात मी कधीच कमी पडत नाही.

नाव माणसापासून सुटलं की पाचव्या दिवसापर्यंत गरम राहतं. हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवतात. पाचव्या दिवशी सूर्य मावळला की नाव गार पडतं, ते आमच्या मुद्देमालाच्या खोलीत जातं, आणि माणूस जिथे कुठे असेल तिथे बेवारस ठरतो. मग तो बायकोच्या समोर आणून उभा केला तरी तिला ओळखू येत नाही. असं झालेलं मी दोनदा पाहिलंय. तिसऱ्यांदा पाहायची माझी तयारी नव्हती.

"गुरुवारी दिवस मावळेपर्यंत वेळ आहे," मी म्हणाले. "तोवर मी त्यांना शोधते. बसा तिथं बाकावर."

"शोधशील ना, पोरी?"

"शोधते म्हणाले ना! एकदा म्हणाले की म्हणाले."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "गजरेऽऽ!" गजराबाई ताडकन उठल्या आणि "ओ" म्हणाल्या. मग इकडे तिकडे बघायला लागल्या.

"मला हाक मारल्यागत झालं."

"फुलवाला असेल हो. शेजारी अग्निशमनचं ऑफिस आहे. त्यांच्याकडे कोण येईल, काय विकेल, काही धरबंध नाही."

"हां, तसंच आसंल," असं म्हणून त्या परत बसल्या. "हे मला नावानं हाक मारीत न्हाईत. 'अगं ए' म्हणत्यात."

आमची इमारत लांबलचक, दगडी, बैठी. पहिल्या भागात आम्ही, मधे अग्निशमन केंद्र, शेवटी सरकारी दवाखाना. व्हरांडा एकच. पूर्वी तिघांच्या मधे नुसते पडदे होते म्हणे, कुणाला ठसका लागला तरी तिन्हीकडे कळायचं. मग पडद्यांच्या भिंती झाल्या. आपल्याकडची माहिती आपल्याकडेच राहिली की भिंत आपल्या बाजूला फुगते, त्यांची त्यांच्याकडे राहिली की त्यांच्या बाजूला. वर्षाला एखादं सूत. कुणी मनावर घेत नाही. रंग द्यायच्या वेळी रंग थोडा जास्त लागतो, एवढंच.

मी दोन पत्रं टाइप केली, एक अग्निशमनला, एक दवाखान्याला. सदर वर्णनाचा इसम अथवा त्याचा कोणताही भाग आपल्याकडे जमा असल्यास कळवावे. खाली शिक्का मारला, 'माहितीस्तव'. हा शिक्का माझ्या हाताला इतका बसलाय की त्याचं लाकूड माझ्या अंगठ्याच्या आकाराचं झालंय. पत्रं नेहमीप्रमाणे योग्य मार्गाने पाठवली. योग्य मार्ग आमच्या मागच्या दारातून सुरू होतो, साठ किलोमीटरवर जिल्ह्याला जातो, तिथे सही होते, आणि साठ किलोमीटर परत येऊन शेजारच्या खोलीच्या दारात संपतो. तातडीचं म्हणून मी मोटारसायकलवाला पाठवला.

पत्रांना जावक नंबर टाकून रजिस्टर मिटलं आणि भिंत एका विटेनं जाड झाली. माझं टेबल वीतभर पुढे सरकलं. शाईची बाटली पडता पडता वाचली. एका दिवसात एक वीट मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. पलीकडच्या फुलवाल्याचा आवाजही त्यानंतर ऐकू आला नाही.

बुधवारी सकाळी आले तेव्हा आमचे पीआय हिंगणेसाहेब केबिनमध्ये आडवे बसले होते. समोर तोंड करून बसायला जागा उरली नव्हती. मी आडवाच सॅल्यूट केला, त्यांनी आडवाच घेतला.

"औटी, त्या खरमाळेचं काय झालं?"

"पत्रं गेलीत साहेब. पण भिंत वाढतेय. कुणाकडे तरी काहीतरी आहे आणि ते दाबून बसलेत."

"पुढच्या महिन्यात समन्वय बैठक आहे. विषय घेऊ."

"साहेब, उद्या दिवस मावळला की नाव गार पडतंय. पुढच्या महिन्यात काय दगड घेणार?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कारण मान वळवायला जागा नव्हती. समन्वय बैठक मला चांगली माहीत आहे. इतिवृत्त मीच लिहिते. तिन्ही खात्यांचे लोक येतात, चहा होतो, बिस्किटं तिन्हीकडे समान वाटली जातात. बिस्किटांपलीकडे आजवर काही वाटलं गेलेलं नाही.

गजराबाई बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. नाव त्यांच्या मांडीवर होतं. मी हात लावून पाहिला. चटका बसत नव्हता, नुसतं ऊन लागत होतं. त्यांनी घरून भाकरी आणली होती, ती त्यांनी मला दिली आणि फडकं नावाभोवती आणखी घट्ट गुंडाळलं. ती भाकरी मी तशीच टेबलावर ठेवली. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि मला दोन्ही एकदम आले की मी उठते.

मी उठले आणि व्हरांड्यातून अग्निशमनमध्ये गेले. तिथले ठोंबरे मोठ्या मनाचा माणूस. आग म्हटली की जीव टाकून पळतो. पण कागद त्याच्यासमोर ठेवला की त्याचा चेहरा मिटतो.

"या औटीबाई. चहा घेणार?"

"चहा गेला खड्ड्यात. पत्र मिळालं का माझं?"

"मिळालं की. आत्ताच आलं. वाचलं, माहिती झाली, फाईलला लावलं."

"मग?"

"मग काय? माहितीस्तव होतं."

"ठोंबरे, अहो माणूस हरवलाय! तुमच्याकडे त्याचं काही असेल तर सांगायला नको?"

"सांगा असं कुठं म्हटलंय? म्हणजे वर म्हटलंय, पण खाली शिक्का माहितीस्तवचा आहे. शिक्का वरचढ धरतात." त्यांनी पत्र काढून दाखवलं. शिक्का स्वच्छ उमटला होता. माझाच.

तेवढ्यात त्यांच्या मागून आवाज आला. "गजरेऽऽ!"

भिंतीवर वाळूच्या लाल बादल्यांची रांग असते, तशी तिथे होती. तिसऱ्या बादलीतून आवाज आला होता. मी वाकून पाहिलं. वाळूवर एक हाक पडलेली होती. हातभर लांब, ओली, मधेमधे थरथरत होती.

"ही कुठली?"

"रविवारी कॉल होता. कालव्यात कुणीतरी पडलंय म्हणून. आम्ही पोचलो तर पाण्यात कुणीच नाही. ही तेवढी करंजाच्या मुळीला अडकलेली होती, गळानं काढली." त्यांनी रजिस्टर उघडून वाचून दाखवलं. "'फुलं विकणाऱ्याची हाक, एक नग, ओली, बेवारस.' पाव तासाला एकदा ओरडते. आता सवय झालीय."

मी बादलीची कड धरली. माझ्या रजिस्टरात लिहिलं होतं, बायकोचं नाव गजराबाई. यांच्या रजिस्टरात लिहिलं होतं, फुलवाला. मधे एक भिंत होती आणि दोन दिवस ती हाक त्या भिंतीवर डोकं आपटत होती. आणि मी, मी त्या बाईला 'बसा, फुलवाला आहे' म्हणाले होते!

"ठोंबरे, हा फुलवाला नाही. हा खरमाळे आहे. बायकोला हाक मारतोय."

"अरे देवा!" ठोंबऱ्यांनी टोपी काढली. खरंच वाईट वाटलं त्यांना. "मग न्या की बाई. कागद द्या आणि न्या."

"कागद दिलाय."

"माहितीस्तव दिलाय. कार्यवाहीस्तव द्या, लगेच सोडतो."

"मी तोंडानं सांगतेय ना!"

"तोंडीला आवक नंबर पडत नाही हो. फोनलाही नाही. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हीच शिकवलंय मला."

मी बादली उचलायला गेले. हलली नाही. जमा झालेली वस्तू कागदाशिवाय उचलली की जड होते, हे मला माहीत होतं, तरी मी दोन्ही हातांनी ओढली. कंबरेत उसण भरली, बादली जागची हलली नाही. ठोंबरे बिचारे दुसऱ्या बाजूनं हात लावत होते. त्यांचाही उपयोग झाला नाही.

पुढे दवाखान्याकडचा व्हरांडा भिंतीनं आधीच बुजवला होता, म्हणून मी परत जाऊन गजराबाईंना सांगितलं. शेजारी त्यांचाच आवाज आहे, कालव्यात सापडलाय. अंग कुठेय ते अजून कळलेलं नाही.

त्यांनी नाव फडक्यासकट छातीशी धरलं. मग म्हणाल्या, "मला? नावानं?"

"हो मावशी. नावानंच."

"चाळीस वरसांत एकदा न्हाई मारली," असं म्हणून त्यांनी पदरात तोंड घातलं आणि त्या हमसून हमसून रडल्या. माझा हात त्यांच्या पाठीवर होता. चुकलं माझं, मी म्हणाले. त्यांना ते ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

गुरुवारी सकाळी ठाणं बोळाएवढं उरलं होतं. ठाणे अंमलदार उभ्यानं टेबलाचं काम करत होते, टेबल त्यांच्या छातीला आडवं लागलं होतं. हिंगणेसाहेब केबिनमधून बाहेर येऊ शकत नव्हते, म्हणून आतूनच आवाज देत होते. कुणी तक्रार केली नाही. एकानं विचारलं, बिनतारी संचाची वायर भिंतीत गेलीय, तर तिला जावक धरायचं का. मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी कार्यवाहीस्तवचा शिक्का शोधायला कपाट उघडलं. तो शिक्का आमच्याकडे आहे एवढं मला आठवत होतं, मारल्याचं आठवत नव्हतं. भिंत कपाटाच्या पाठीला टेकली होती आणि फायली आतून दाबल्या जाऊन एकेक बाहेर पडत होत्या. तिसरी फाईल माझ्या पायावर पडून उघडली. वरचाच कागद दवाखान्याचा होता. आवक क्रमांक चारशे बारा, सोमवार.

'अनोळखी पुरुष, वय अंदाजे पासष्ट ते सत्तर. उजव्या भुवईवर जुना व्रण. कालव्याकाठी बेशुद्ध मिळाल्याने वाटसरूंनी आणून दाखल केले. शुद्धीवर आहे, बोलत नाही, नाव सांगत नाही. बेड क्रमांक अकरा. माहितीस्तव.'

खाली सही होती. पाहिले व फाईल केले. मं. औटी. अक्षर सुरेख, रेघ सरळ.

सोमवारी! नाव यायच्या आदल्या दिवशी माणसाचा पत्ता माझ्या टेबलावर आलेला होता. मीच त्याला भोक पाडून दोऱ्यात ओवला होता. दोन दिवस मी शेजारपाजाऱ्यांच्या नावानं बोटं मोडत होते आणि सगळ्यांत जाड वीट माझीच होती. अशी हद्द झाली की स्वतःच्याच श्रीमुखात द्यावीशी वाटली. पण तेवढा हात मागे न्यायला जागा नव्हती.

शिक्का शेवटी खालच्या खणात सापडला. खोक्यातून कधी बाहेरच काढलेला नव्हता. रबर कोरं करकरीत, त्यावर कारखान्याची पावडर अजून तशीच होती.

फायलींचा ढीग उपसून तो सापडेपर्यंत दुपारचे चार वाजले होते. शिक्का होता, पण पत्र योग्य मार्गानं जायला एक दिवस लागतो, आणि माझ्याकडे अडीच तास होते. व्हरांडाही बंद झाला होता. दोन्हीकडच्या भिंती व्हरांड्यात येऊन भेटल्या होत्या आणि मधे दोन बोटांची फट उरली होती. कागद जाईल एवढी. माणूस जाणार नाही.

मी रजिस्टर उघडलं. चारशे बाराच्या ओळीवर 'माहितीस्तव' लिहिलं होतं, त्यावर काट मारली आणि वर 'कार्यवाहीस्तव' लिहिलं. बावीस वर्षांतली पहिली खाडाखोड. काटही सरळ मारली. मग जावकचं रजिस्टर घेतलं आणि नवीन ओळीत लिहिलं: सातशे तीन, हवालदार औटी, सोबत नाव एक, हस्ते स्वतः. शिक्का शाईवर दाबला आणि माझ्या डाव्या तळहातावर मारला.

"औटी, काय चाललंय?" केबिनमधून साहेबांचा आवाज आला.

"कार्यवाही, साहेब."

आत खुर्ची करकरली. मग म्हणाले, "नंबर टाकलात का?"

"टाकला."

"मग जा."

मी बोटांकडून कागदासारखी पातळ व्हायला लागले. दुखलं नाही. कोपरापाशी थोडं चुरगळल्यासारखं झालं तेवढंच. वर्दी माझ्याबरोबरच पातळ झाली, पट्ट्याचं बकल तेवढं जरा वर राहिलं. मी गजराबाईंपुढे उभी राहिले. त्या भिंतीच्या आणि बाकाच्या मधे गुडघे छातीशी घेऊन बसल्या होत्या.

"द्या ते," मी म्हणाले. त्यांनी फडक्यातून नाव काढून माझ्या हातात दिलं. कोमट होतं. ते मी वर्दीच्या उजव्या खिशात घातलं आणि बटण लावलं.

"मावशी, भिंतीला कान लावून बसा. हाक आली की..."

"ओ देईन."

"ओ पुरला तर ठीक. नाही पुरला तर नाव घ्यायचं. मोठ्यानं."

त्यांनी मान हलवली. "आयुष्य उणं हुईल गं त्यांचं."

"उणं व्हायला आधी उरायला तर पाहिजे!" मी ओरडले. मला तसं बोलायचं नव्हतं, पण माझं हे असंच आहे. त्यांनी पदर सावरला. कान भिंतीला लावला आणि डोळे मिटले.

मी आडवी झाले आणि फटीत शिरले. भिंत आतून खडबडीत होती. विटांच्या मधे मला आमचेच कागद दिसले. जुनी वर्णनं, गाड्यांचे नंबर, कुणाच्या हरवलेल्या मुलीचा फोटो, पुराचा इशारा, सगळ्यांवर माझा शिक्का. काही माझ्या बाहीला धरू पाहत होते. मी थांबले नाही. एका वेळी एकच, मी त्यांना म्हणाले, पण परत येते.

अग्निशमनच्या बाजूला बाहेर पडले तेव्हा ठोंबऱ्यांनी मला दोन्ही हातांनी धरून उजेडात वाचलं.

"कार्यवाहीस्तव!" ते म्हणाले. "वा! मग न्या की."

बादली फुलासारखी उचलली गेली. पण ती पुढच्या फटीतून जाणार नव्हती, म्हणून हाक मी वाळूतून उचलून डाव्या खिशात घातली. ती छातीशी एकदा थरथरली आणि गप्प झाली. ठोंबऱ्यांनी माझ्या दंडावर पोचेची सही केली, तारीख घातली, वेळ घातली. पाच वाजून चाळीस मिनिटं.

"पळा," ते म्हणाले. "आग समजून पळा."

दवाखान्याच्या बारनिशीला डोळस नावाचे गृहस्थ आहेत. माझ्यासारखेच, बावीस-तेवीस वर्षांचे जुने. त्यांनी मला फटीतून ओढून काढलं, हातानं सपाट केलं, कपाळावर आवक नंबर टाकला आणि ट्रेमध्ये ठेवायला निघाले.

"अहो डोळस, शिक्का बघा आधी!"

त्यांनी चष्मा वर करून माझा तळहात पाहिला. दोनदा पाहिला. "हा कधी बघितला नव्हता," ते म्हणाले आणि मला बेड क्रमांक अकराकडे घेऊन गेले.

रंभाजी खरमाळे छताकडे बघत पडले होते. उजव्या भुवईवर व्रण. बोटं चादरीवर हळूहळू फिरत होती, कालव्याचं दार उघडल्यासारखी. डोळे उघडे होते, पण ते कुणाचे आहेत हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. मी डाव्या खिशाचं बटण काढलं आणि हाक त्यांच्या ओठांशी धरली. ती आपणहून आत गेली. त्यांच्या गळ्याची घाटी एकदा वर-खाली झाली.

मग मी नाव काढलं. कडा गार पडल्या होत्या. मधे थोडी धग होती. मी ते त्यांच्या छातीवर ठेवून तळहातानं दाबलं. ते बसेना. पुन्हा दाबलं. हाताखाली ते थंड होत चाललंय हे मला कळत होतं.

डोळस पलीकडे दोन वस्तू घेऊन आले होते. एका हातात बेवारसांचं रजिस्टर, दुसऱ्या हातात कागदाला भोक पाडायचं यंत्र.

"यांची नोंद दिवस मावळल्यावर करतो," ते म्हणाले. "तोवर तुम्हाला फाईलला लावून घेतो. पोचलेला कागद उघडा ठेवता येत नाही."

"पोच आल्याशिवाय फाईल बंद होत नाही, डोळस."

"पोच कुणाची?"

"हाकेची."

त्यांनी विचार केला. माणूस नियमाचा होता. "बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी यंत्र माझ्या खांद्यावर बसवलं, पण दाबलं नाही. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत होतं, ते पलंगाच्या पायाशी चार बोटं उरलं होतं.

"मारा हाक," मी रंभाजींना म्हणाले. "मारा हो! ती ऐकतेय."

त्यांचं तोंड उघडलं. "गजरेऽऽ!"

हाक भिंतीत गेली. वीट, मग वीट, मग वीट, लांब लांब जाताना मला ऐकू आली. मग अग्निशमनमध्ये बादल्या वाजल्या. मग दुसरी भिंत. मग काहीच नाही.

नंतर अगदी बारीक, पहिल्या भिंतीच्याही पलीकडून, "ओ" असं आलं. ते मधल्या विटांपर्यंत पोचलं आणि तिथेच विरलं. माझ्या हाताखालचं नाव हललं नाही. ऊन दोन बोटं उरलं.

"पुरला नाही," डोळस म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता.

"पुन्हा मारा," मी म्हणाले.

"गजरेऽऽ!"

आम्ही तिघं भिंतीकडे बघत राहिलो. माझ्या खांद्यावरचं यंत्र गार लागत होतं. ऊन बोटभर उरलं. भिंतीच्या आत कुठेतरी कागद सळसळले, कुणीतरी पानं उलटत वाट काढत असल्यासारखे. गिलाव्याला बारीक चीर गेली आणि तिच्यातून, चाळीस वर्षं तोंडात धरून ठेवल्यासारखं जड, पहिलं अक्षर बाहेर आलं.

"रं..."

माझ्या तळहाताखाली नावातलं तेवढं एकच अक्षर गरम झालं.